‘पसंत’मधला वारा

"आई, फाणी दे ना."

गोदाबाईंच्या हातातली पोळी तव्यावर जाता जाता थांबली. पोरगा दोन महिन्यांनी अमरावतीहून चांदूर बाजारला घरी आला होता, चार दिवसांवर त्याचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, आलं होतं, आणि आल्या आल्या तो फाणी मागत होता.

"काय पायजे तुले?"

"फाणी. अन एक फोळी वाढ."

"अवं माय!" गोदाबाई उठल्याच. "आयकून राहिले का हो? इकडं या लवकर. या पोट्ट्याच्या तोंडाले काय झालं पाहा!"

खुशालराव अंगणात संत्र्याचे क्रेट मोजून घेत होते. ते काम तसंच टाकून आत आले. माणूस तसा शांत, पण बायकोच्या ‘अवं माय’ला ते घाबरत. त्यांनी पोराला उजेडात उभं केलं, तोंड उघडायला लावलं, आत बघितलं. जीभ ठीक होती, दात जागच्या जागी होते.

"म्हण, पाणी."

"फाणी."

"पराटी."

"फराटी."

"पोपट."

"फोफट," अंकुर म्हणाला आणि स्वतःच घाबरला. दोन्ही ‘प’ गेले होते!

आता हे असं का झालं, ते सांगायला पाहिजे. अंकुर अमरावतीत एका गाळ्यातल्या छोट्या क्लासला जात होता. परदेशातल्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोलायची नोकरी त्याला मिळणार होती, फक्त इंग्रजी बोलण्याची चाचणी बाकी होती. क्लास घेणारे संघपाल सर म्हणजे आवाजाच्या मागे लागलेला माणूस. लोक सकाळी उठून देवाला हात जोडतात, हे सर आरशापुढं उभे राहून स्वतःचे ओठ बघतात. पहिल्याच दिवशी त्यांनी सगळ्यांना ‘पिन’ म्हणायला लावलं आणि कपाळावर हात मारला.

"तुमचा ‘प’ कोरडा आहे रे! इंग्रज ‘पिन’ म्हणतो तेव्हा ओठातून वारा सुटतो. तुम्ही वारा सोडला नाही, तर त्याच्या कानाला ‘बिन’ वाटतं. तुम्ही बिचारे टाचणी मागणार आणि तो कचऱ्याचा डबा आणून देणार."

मग सरांनी पंखे बंद केले, प्रत्येकाच्या तोंडापुढं वीतभर अंतरावर मेणबत्ती लावली आणि म्हणाले, "म्हणा पिन, पेन, पार्क. ज्याची विझेल तो सुटला." बॅच सुटेपर्यंत सगळे घामानं निथळत. अंकुर मात्र खोलीवर जाऊनही मेणबत्तीपुढं बसे. घरमालकानं एकदा दार ठोठावून विचारलंसुद्धा, की लाइट तर आहे, मग तुझ्याच खोलीत अंधार कसा काय? पण पोरगं चिकाटीचं. महिन्याभरात त्याच्या ‘प’नं वीतभर लांबची ज्योत एका झटक्यात जायला लागली. आणि मग तो वारा इंग्रजीत मावेना. तो मराठीत शिरला.

"म्हंजे इंग्रजी आलं अन मराठी गेलं?" खुशालरावांनी विचारलं.

"गेलं नाई बाबा. तोंडाले सवय लागली. सर म्हणाले, जाईन हळूहळू."

"हळूहळू? चार दिवसांनी अकोल्याले साक्षगंध हाय लेका! त्या केशरबाईपुढं तू फाणी मागशीन, अन थे म्हणन पोट्टा तोतरा दाखवला आमाले!"

केशरबाईचं नाव निघालं आणि गोदाबाईंनी गॅस बंद केला. केशरबाई म्हणजे नवऱ्या मुलीची, वर्षालीची, आत्या. वर्षालीचे वडील ओमप्रकाशराव अकोल्यात भाजीपाल्याचे ठोक व्यापारी, बाजारात त्यांचा शब्द चाले, पण थोरली बहीण समोर आली की ते अजूनही शर्टाची वरची गुंडी लावत. याआधी वर्षालीचं जुळत आलेलं एक स्थळ या आत्यानं चहा पिता पिता मोडलं होतं. मुलानं कप उचलून बशी उपडी ठेवली, एवढंच झालं होतं. "ज्याले बशी सरळ ठेवता येत नाई थो संसार काय सरळ ठेवन," असं म्हणून बाई उठल्या होत्या.

खोटं कशाला सांगायचं, अंकुरचा जीव वर्षालीवर बसला होता. बघायला गेला तेव्हा ती पहिलीच्या मुलांना अक्षरं कशी शिकवते ते सांगता सांगता खुदकन हसली होती, आणि तेव्हापासून याला दुसरं काही सुचत नव्हतं. नोकरी गेली तर दुसरी मिळेल. ही गेली तर काय करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

खुशालरावांनी हुकूम सोडला. "साक्षगंधात तोंड उघडायचं नाई. कोणं काही इचारलं तं मुंडी हलवजो. लय झालं तं ‘हो’ म्हण, ‘नाई’ म्हण."

"अन ‘चहा’ म्हणलं तं चालते," गोदाबाईंनी भर घातली.

अकोल्यात त्या दिवशी असं ऊन होतं की सावलीतसुद्धा चपला तापत होत्या. ओमप्रकाशरावांनी हॉलमध्ये मोठा कूलर लावला होता, आणि कूलरसमोरची खुर्ची केशरबाईंच्या यजमानांनी, फकीररावांनी, आधीच धरली होती. ते कानानं जरा जड आणि झोपेला तयार. पाहुणे आले, नमस्कार झाले, सरबत आलं, तरी त्यांची मान छातीवरच होती.

"या, इवाई, या. बाबू, रस्त्यात तरास तं नाई झाला?" ओमप्रकाशरावांनी जावयाला विचारलं.

अंकुरनं मान हलवली.

"मूर्तिजापूरपासून रोड कसा हाय आता?"

अंकुरनं पुन्हा मान हलवली. रोड कसा आहे ते त्यातून कोणालाच कळलं नाही.

"सरबत घ्या ना."

"हो," अंकुर म्हणाला. गोदाबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

केशरबाई समोरच्या पलंगावर बसून हे सगळं बघत होत्या. मुलानं बशी सरळ ठेवली होती, पाया पडताना नीट वाकला होता, केस नीट होते. नाव ठेवायला जागा नव्हती, आणि त्यामुळंच त्यांचा संशय वाढत चालला होता.

"ओम्या," त्या भावाला मोठ्यानं म्हणाल्या, "पोट्टा मुका हाय का रे?"

"नाई वो आक्का! बोलते ना तो. फोनवर तं घंटाघंटा बोलते वर्षालीसंगं."

आतल्या दाराशी वर्षाली उभी होती, तिनं मान खाली घातली. फोनवर अंकुर ‘फोहे खाल्ले’ म्हणायचा तेव्हा तिला वाटायचं, अमरावतीला रेंज खराब असेल.

"मंग आता कोणाची नजर लागली? बोलीनच थो. मी बोलवते." केशरबाई उठल्या, तबक मागवलं, निरांजन लावलं. अंकुरला पाटावर बसवलं. हळदकुंकू झालं, अक्षता झाल्या, आणि तबक त्याच्या तोंडासमोर धरून त्या थांबल्या.

"आमच्या घरची एक रीत हाय, इवाई," त्यांनी खुशालरावांना सांगितलं. "साक्षगंध म्हणते ना याले? मंग साक्ष कोणाची? दिव्याची. पोरानं दिव्यापुढं सोताच्या तोंडानं म्हणावं, पोरगी पसंत हाय. मुंडी हलवलेली चालत नाई. बोल बाबू."

खुशालरावांच्या कपाळावर, कूलर चालू असताना, घाम आला. "आक्का, त्याले पसंतच हाय. मी सांगतो ना..."

"तुमाले करायचं हाय का लगन?"

झालं! आता सुटका नव्हती. अंकुरनं ज्योतीकडं बघितलं. वीतभर अंतर. अगदी मेणबत्तीचंच. मग त्यानं दाराकडं बघितलं. वर्षाली वाट बघत होती. त्याची छाती भरून आली, आणि भरलेल्या छातीनं तो म्हणाला, "फसंत हाय!"

फट्. ज्योत गेली. तबकातून धुराची बारीक रेघ वर चढली.

बायकांच्या घोळक्यातून एकदम ‘हाऽऽ’ असा आवाज आला. दिवा तोंडानं फुंकायचा नसतो, हे त्या घरात रांगतं पोरसुद्धा जाणत होतं. तिथं नवरदेवानं साक्षीचा दिवा ‘पसंत’ म्हणता म्हणता घालवला होता!

"कूलरचा वारा असन," ओमप्रकाशराव घाईघाईनं म्हणाले. "कूलर बंद करा! खिडक्या लावा!"

कूलर बंद झाला. खिडक्या लागल्या, दारं लागली, पडदे ओढले. हॉलमध्ये भट्टी पेटावी तसं झालं. फकीररावांनी डोळे उघडले. "कूलर काहून बंद केला?"

"तुमी निजा," केशरबाईंनी तिकडं न बघता सांगितलं आणि दिवा पुन्हा लावला. "बोल."

अंकुरनं या वेळी फार सांभाळलं. हळू म्हणायचं ठरवलं, ओठ जेमतेम उघडायचे ठरवलं. पण महिनाभर रात्रंदिवस घोटवलेले ओठ ते. हळू म्हटल्यानं वारा बारीक झाला आणि नेमका वातीवर बसला. ज्योत दुसऱ्यांदा गेली.

आता कोणी ‘हाऽऽ’सुद्धा केलं नाही. केशरबाईंनी तबक खाली ठेवलं.

"एकदा झालं तं वारा. दोनदा झालं तं मन," त्या म्हणाल्या. "तोंडानं पसंत म्हणते अन मनातून दिवा घालवते. ओम्या, पोरीले आत ने."

वर्षाली हलली नाही. तिचे डोळे भरले होते, आणि तरीही ती अंकुरच्या ओठांकडं टक लावून बघत होती.

खुशालरावांना राहवलं नाही. जन्मात कोणाच्या घरी आवाज न चढवलेला माणूस, पण पोराचा चेहरा बघून त्यांचं काळीज तुटलं. "आक्का, पोराचं मन साफ हाय! त्याच्या तोंडात इंग्रजी ‘प’ बसला हाय. मास्तरनं बसवला. खोटं वाटते तं इचारा त्यालेच!" आणि त्यांनी खिशातून फोन काढून संघपाल सरांना लावला, स्पीकर चालू केला. "सर, तुमच्या ‘प’पायी माह्या पोराचं लगन मोडून राहिलं!"

"काय झालं?"

"दोनदा दिवा विझला ‘पसंत’ म्हणता म्हणता!"

मग सरांचा आवाज आला, आणि तो आनंदानं थरथरत होता. "दोनदा? किती अंतरावरून?"

"अंतराचं काय घेऊन बसले! इथं सारे म्हणते पोट्ट्याच्या मनात खोट हाय. सांगा यायले काय भानगड हाय ते!"

"सांगतो ना! सगळे आहेत का तिथं? सगळ्यांनी तळहात तोंडापुढं धरा. धरले? आता माझ्यासारखं म्हणा, ओठ दाबून, जोरात सोडून. पिन."

स्पीकरमधून ‘पिन’ हा शब्द फटाक्यासारखा आला. लोकांनी एकमेकांकडं बघितलं. एकानं हात धरला, मग दुसऱ्यानं. साक्षगंधाला आलेली ती सगळी मंडळी, फेटेवाले, पदरवाल्या, तळहात तोंडापुढं धरून ‘पिन, पिन’ म्हणायला लागली.

"लागला का वारा?"

"लागला," दोन-तीन जण चाचरत म्हणाले.

"आता म्हणा, स्पिन."

"स्पिन."

"लागला?"

ओमप्रकाशरावांनी पुन्हा म्हणून बघितलं. त्यांनी हात जवळ आणला, नाकाला लावला. "‘स’ची हवा लागली. ‘प’ची कुठं गेली?"

"गेली ना! तेच तर!" सर ओरडले. "अक्षर तेच. ओठ तेच. पण आधी ‘स’ येऊन बसला की ‘प’ आपला वारा गिळून बसतो. ‘टॉप’ म्हणा, ‘स्टॉप’ म्हणा. ‘किन’ म्हणा, ‘स्किन’ म्हणा. ‘ट’चं आणि ‘क’चंही तसंच. इंग्रजाला विचारा, त्याला माहीत नसतं. दोन वर्षांचं त्याचं पोर हे करतं, त्याला कोणी शिकवलेलं नसतं. ‘कॅट्स’मध्ये शेवटी ‘स’ येतो आणि ‘डॉग्झ’मध्ये तोच ‘झ’ होतो. लिहिताना दोन्हीकडं एकच अक्षर!"

"मंग त्याले कोण सांगते बदलायले?" ओमप्रकाशरावांनी विचारलं. त्यांच्या आवाजातला व्यापारी कुठल्या कुठं गेला होता.

"शेजारचा आवाज सांगतो. बस. मी रोज शिकवतो हो काका, आणि रोज माझ्या अंगावर काटा येतो."

हॉलमध्ये जो तो तळहातावर फुंकल्यासारखं करून बघत होता. ओमप्रकाशरावांना एकदम आठवलं, की आपल्या नावातही ‘प’ आहे, ‘म’च्या शेजारी. ते कोपऱ्यात जाऊन हळूच तळहातावर स्वतःचं नाव सांगून आले.

तेव्हा वर्षाली पुढं झाली. डोळे पुसायचं तिला भान नव्हतं. "आपल्यातही हाय हे!" ती म्हणाली. "मी रोज पोरायले टिंब शिकवते. एकच टिंब. ‘रंग’ म्हणा बरं, आई."

"रंग," तिची आई म्हणाली.

"आता चिंच. घंटा. संत. आंबा. जीभ कुठं जाते पाहा."

"रंग... चिंच... घंटा..." आईचे डोळे मोठे मोठे होत गेले. "अवं, दर बारीले दुसरीकडंच जाते! संत... आंब्याले तं जीभच लागत नाई, ओठच मिटते! टिंब तं एकच हाय वो!"

"पुढचं अक्षर येईन तशी जीभ आधीच जाऊन बसते. आपल्याले पत्ताच नाई."

गोदाबाई आणि वर्षालीची आई एकमेकींसमोर बसून ‘चिंच-घंटा, चिंच-घंटा’ करायला लागल्या. "इहीनबाई, जलमभर चिंच खाल्ली," गोदाबाई म्हणाल्या, "पण बोलताना जीभ कुठं टेकते थे आज पाह्यलं." दोघींना हसू येत होतं आणि दोघींचा ऊर भरून आला होता. आपल्याच तोंडात एवढं सगळं चाललेलं असतं, आणि आपल्याला कोणी सांगितलंसुद्धा नाही!

वर्षालीनं काडी ओढून निरांजन लावलं आणि स्वतः तबक अंकुरच्या तोंडापुढं धरलं, वीतभर अंतरावर. त्याच्याकडं बघून ती हळूच म्हणाली, "‘स’ आधी असला तं ‘प’ निवांत राह्यते ना? मंग ‘स’ घेऊन बोला."

अंकुरला आधी कळलं नाही. मग कळलं. त्यानं ज्योतीकडं बघितलं, श्वास धरला आणि म्हणाला, "स्पष्ट सांगतो. मले वर्षाली आवडली."

ज्योत जराशी लवली आणि पुन्हा सरळ उभी राहिली.

सगळ्यांचा धरलेला श्वास एकदम सुटला. बरं झालं, सगळे लांब होते. कोणीतरी टाळी वाजवली. खुशालरावांनी डोळ्याला उपरणं लावलं आणि फोन चालूच्या चालू खिशात टाकला.

"थांबा," केशरबाई म्हणाल्या.

टाळी थांबली.

"आवडली म्हणे थो. पसंत नाई म्हणे. आवडते तं कोणाले बी काही बी. मले मास्तरच्या गोष्टी सांगू नोका. दिवा अक्षरानं विझत नसते, माणसाच्या मनानं विझते. मी म्हणून दाखवते." त्यांनी वर्षालीच्या हातून तबक घेतलं, तोंडाजवळ आणलं आणि ठणकावून सुरू केलं. "पसंत! पाणी! पोळी! पराटी! पोट्टा!"

ज्योत हलली नाही.

"पाह्यलं? पाच बारीले ‘प’ म्हणलं. माह्यं मन साफ हाय, म्हणून दिवा हाय." केशरबाईंनी सगळ्यांकडं एकदा नजर फिरवली. "मी काही वैरीण नाई या पोराची. पण साक्ष म्हंजे साक्ष."

अंकुरचं तोंड उतरलं. खुशालराव खाली बसले. गोष्ट खरी दिसत होती, ज्योत सगळ्यांसमोर तेवत होती. चमत्कार बघून खूश झालेली माणसं दुसऱ्या चमत्कारानं गप्प झाली.

वर्षाली मात्र आत्याकडं बघत होती. पहिलीच्या पोरांकडं बघते तशी, काळजीनं आणि थोडं हसू दाबून.

"बरोबर हाय आत्या तुमचं," ती म्हणाली. "तुमचा ‘प’ आपला हाय, घरचा. त्याले वारा नसते. यायच्या तोंडात ‘प’च्या जागी ‘फ’ बसला. तुमी एकदा ‘फ’चं काही म्हणून पाहा. तुमचं मन साफच हाय ना, मंग काय होते?"

"म्हणते की. काय म्हणू?"

"आतोबाचं नाव घ्या."

क्षणभर कोणाच्या ध्यानात आलं नाही. मग बायकांच्या घोळक्यात खसखस पिकली. फकीरराव! ‘फ’च की! "हो हो, नाव घ्या आक्का!" "नाव घेतल्याबिगर सोडत नाई!" "साक्षगंधात नाव घ्याच लागते!"

केशरबाईंचा चेहरा असा लाल झालेला तिथल्या कोणीही कधी पाहिला नव्हता. लग्नापासून आजपर्यंत बाईंनी नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. ‘आमचे हे’, ‘घरधनी’, फार झालं तर ‘आयकलं का’. मतदानाच्या केंद्रावर नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा त्यांनी शेजारणीला सांगायला लावलं होतं. उखाण्याची वेळ आली की त्या भाजी ढवळायला निघून जात. पण आज सगळं घर बघत होतं, आणि मन साफ असल्याचं त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगून टाकलं होतं. माघार घेणं त्यांना ठाऊक नव्हतं.

त्यांनी तबक नीट धरलं. पदर सारखा केला. आवाज एकदम बारीक झाला.

"अकोल्याच्या उन्हात कूलरची गार हवा..."

त्या थांबल्या. कूलर बंद असलेल्या खोलीत घामेजलेली माणसं पुढं झुकली.

"फकीररावचं नाव घेते, साक्षीले हाय दिवा!"

दिवा नव्हता. ‘फकीररावां’च्या पहिल्याच अक्षराला तो गेला होता. केशरबाईंच्या हातातल्या तबकातून धुराची रेघ सरळ वर चालली होती, आणि बाई त्या रेघेकडं तोंड उघडं ठेवून बघत होत्या.

कोणी हसलं नाही. हसायची हिंमत कोणाला होती! वर्षालीनंसुद्धा ओठ घट्ट दाबून धरले होते. तेवढ्यात खुशालरावांच्या खिशातून आवाज आला.

"कोण बाई होत्या त्या? केवढा स्वच्छ वारा! क्लासमध्ये एकाचाही असा सुटत नाही. त्यांना माझ्याकडं पाठवा हो, मी फी घेणार नाही!"

खुशालरावांनी घाबरून खिसा दाबून धरला.

आणि मग सगळ्यांनी मान वळवली, कारण बंद कूलरसमोरच्या खुर्चीतून फकीरराव उठून उभे राहिले होते. टोपी वाकडी झालेली, डोळ्यांत झोप, पण ते सरळ बायकोकडं बघत होते.

"आवाज दिला का मले?" त्यांनी विचारलं.

केशरबाईंनी पदर पुढं ओढला.

"माह्यं नाव घेतलं ना तू?" फकीरराव दोन पावलं पुढं आले. "मले आयकू आलं."

"एवढं बोलते मी दिवसभर, थे आयकू येत नाई," केशरबाई पुटपुटल्या. पण त्यांच्या आवाजात धार उरली नव्हती. त्यांनी विझलेल्या वातीला बोट लावून बघितलं, मग तळहात तोंडापुढं धरून अगदी हळू, कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं, ते नाव पुन्हा एकदा म्हणून बघितलं. तळहातावर वारा लागला. त्यांनी हात तसाच धरून ठेवला.

"ओम्या," त्या शेवटी म्हणाल्या, "कूलर लाव आधी. माणसं मरतीन. अन काडेपेटी आण."

निरांजन पुन्हा लागलं. केशरबाईंनी ते उचललं आणि या वेळी हात लांब करून, अंकुरपासून जितकं दूर धरता येईल तितकं दूर धरलं. "बोल बाबू. तुले जसं येते तसं बोल."

"फसंत हाय," अंकुर म्हणाला.

ज्योत जागची हलली नाही. वर्षाली खुदकन हसली. सनई लावणाऱ्यानं बटण दाबलं, अक्षता उडाल्या, गोदाबाई आणि त्यांच्या इहीनबाई गळ्यात गळे घालून रडल्या आणि रडता रडता ‘चिंच-घंटा’ म्हणाल्या.

त्या गडबडीत केशरबाई ज्योत पदराआड धरून तबक घेऊन कूलरपाशी गेल्या. फकीररावांनी खुर्ची सोडून त्यांना बसायला जागा केली होती आणि स्वतः शेजारी उभे होते.

"त्या दिव्याच्या गडबडीत नीट आयकलं नाई मी," ते म्हणाले. "अजून एक बारी म्हण."

"आयकलं नं आताच!"

"नाई. थे झोपेत होतं."

केशरबाईंनी इकडं तिकडं बघितलं. सगळे पेढे वाटण्यात गुंतले होते. त्यांनी एका हातानं ज्योतीला आडोसा केला, आणि मग ते नाव घेतलं.